लॉकर बंद होता, हे आधी लिहा

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही सांगलीचे. गेल्या महिन्यात मुलांच्या सुट्टीत गोव्याला गेलो होतो, मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. उत्तर गोव्यात किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात तळमजल्यावरच्या दोन खोल्या, तीन रात्री, एकवीस हजार रुपये. परतीच्या वाटेवर सावंतवाडीला नात्यातलं लग्न होतं म्हणून दागिने बरोबर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मंगेशी-शांतादुर्गा करायला बाहेर पडलो, सहाला परत आलो. रात्री सासूबाईंनी बॅग उघडली तर डब्यातल्या पाटल्यांची जोडी (तीन तोळे) आणि रोख अठरा हजार गायब. (खोलीत लॉकर होता, पण उघडत नव्हता. मिस्टरांनी जादा गादीसाठी हॉटेलला व्हॉट्सॲप केलं त्यातच हेही लिहिलं होतं. 'उद्या सेल बदलतो' म्हणाले, कोणी आलं नाही.) मॅनेजरने काउंटरवरची 'मौल्यवान वस्तूंस व्यवस्थापन जबाबदार नाही' ही पाटी दाखवली. पोलिसांनी 'सध्या गहाळ झाल्याचा अर्ज द्या' म्हणून अर्ज घेतला आणि शिक्का मारून प्रत दिली. आता मॅनेजर म्हणतो, खोली झाडणाऱ्या पोराला काढून टाकतो, एका रात्रीचं भाडं परत देतो, या कागदावर सही करा. सही अजून केलेली नाही. त्या पोराचा फोटो टाकून गुगलवर लिहायचं असं मिस्टरांच्या डोक्यात आहे. पाटल्या सासूबाईंच्या आईच्या होत्या. आठ दिवस झाले, त्या माझ्याशी धड बोलत नाहीत, कारण 'लग्नाला पाटल्या घ्या' हे मीच म्हटलं होतं. आता काही होईल का, की सोडून द्यावं?

— एक वाचक, सांगली

उत्तर:

सोडून देऊ नका. पत्र मिळालं त्याच दिवशी 'बाकी सगळं राहू द्या, आधी फुटेजची मेल करा' एवढं तुम्हाला कळवलं होतं. बाकीचं आता सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगते. पाटल्या परत मिळण्याची आशा थोडीच आहे. चोरीचं सोनं फार काळ पाटल्यांच्या रूपात राहत नाही, ते आटवायला वेळ लागत नाही. कधी कधी चोर दुसऱ्याच गुन्ह्यात सापडतो आणि जुना माल सराफाच्या दुकानातून जप्त होतो. तसं झालं तर तुमचं नशीब, पण त्यावर विसंबून राहू नका. तरीही हॉटेलकडून भरपाई मागणं, पोलिसांत खरी नोंद होणं आणि विमा असेल तर तो मिळणं या गोष्टी अजून तुमच्या हातात आहेत. त्यासाठी लागणारा पुरावा मात्र रोज थोडा थोडा पुसला जातोय.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. लॉकर उघडत नव्हता, तुम्ही ते लेखी कळवलं होतं, हॉटेलने 'उद्या बघतो' असं उत्तर दिलं आणि बघितलं नाही. पोलिसांच्या अर्जात हे आहे का? माझा अंदाज आहे की नाही. तिथे पाटल्यांचं रडगाणं असेल, लॉकरचा उल्लेख नसेल. उद्या कुणीही विचारणार, इतकं सोनं बॅगेत कशाला ठेवलं? त्याला तुमचं उत्तर हा एक व्हॉट्सॲप मेसेज आहे. तो संपूर्ण संवाद, गादीचं बोलणंही मधलं न गाळता, एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा. स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असे. आणि मिस्टरांना सांगा, तो मोबाईल विकायचा नाही, एक्स्चेंजला द्यायचा नाही. पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष अधिनियमाच्या, कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

आता ती मेल. हॉटेलच्या अधिकृत पत्त्यावर, शक्य तर नोंदणीकृत टपालानेही, अगदी साध्या भाषेत लिहा. अमुक तारखेला सकाळी दहा ते रात्री आमच्या लक्षात येईपर्यंत, या दोन खोल्यांसमोरचा पॅसेज, रिसेप्शन, तरणतलाव आणि मागची बाजू या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण जतन करा. दोन्ही दारांच्या कुलपांची नोंद काढून ठेवा. त्या दिवशी कोणत्या कर्मचाऱ्याकडे मास्टर कार्ड होतं त्याची वही सांभाळा. लाँड्रीत गेलेल्या चादरींची आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद तपासा. चित्रण तुम्हाला द्या असं म्हणू नका, ते बहुधा देणार नाहीत. 'जतन करा, पोलीस मागतील' असं म्हणा. एकदा हे लेखी गेलं की 'रेकॉर्डर भरला, आपोआप पुसलं गेलं' हे कारण नंतर त्यांच्याच अंगाशी येतं. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर भरला की जुन्यावर नवं चढतं. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याने. तुमची चोरी होऊन किती दिवस झाले ते मोजा, म्हणजे घाई कशाला ते कळेल.

कुलपाच्या नोंदीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. कार्ड टेकवून उघडणारं कुलूप असेल (तुम्ही किल्लीचा उल्लेख केला नाही, म्हणून कार्ड धरते) तर ते दार कोणत्या कार्डाने कधी उघडलं हे बऱ्याच कुलपांच्या स्वतःच्या स्मृतीत राहतं. पाहुण्याचं कार्ड वेगळं, सफाईचं वेगळं, देखभालवाल्याचं वेगळं, मॅनेजरचं वेगळं. दाराला छोटं यंत्र लावून ही यादी काढता येते. स्मृतीत ठरावीक नोंदी मावतात, नंतरचे पाहुणे ये-जा करू लागले की जुन्या निघून जातात. खोलीतल्या लॉकरचंही तसंच. चांगल्या लॉकरला उघडल्याची नोंद असते, आणि पाहुणा कोड विसरला तर उघडायला हॉटेलकडे मास्टर कोड किंवा किल्ली असतेच. तुमच्या लॉकरचे सेल गेले होते तरी मॅनेजर तो उघडू शकला असता. तेही केलं नाही.

आता मला खरं खटकलं ते सांगते. तुम्ही लिहिलं आहे तळमजला. किनाऱ्याजवळच्या अशा खोल्यांना बहुधा मागे तरणतलावाकडे किंवा बागेकडे उघडणारं सरकतं काचेचं दार असतं. मुलं दिवसातून दहा वेळा त्यातून पळतात, ओले टॉवेल बाहेर वाळत टाकतात, आणि निघताना पुढचं दार ओढून बघितलं की झालं. मागच्या दाराची कडी लावली होती का? आठवून बघा, पण एकमेकांवर न खेकसता. मुलांना वेगवेगळं विचारा. काचेच्या दाराची खिटी सैल असेल, नीट बसत नसेल, तर तेही हॉटेलचं अंग आहे, आणि तेही लिहायचं.

म्हणजे बघा, कुलपाची नोंद आली आणि दहा ते सहामध्ये पुढचं दार फक्त सफाईच्या कार्डाने एकदा उघडलेलं दिसलं, तर एक चित्र. पुढचं दार उघडलंच गेलं नसेल, तर दुसरं चित्र, आणि मग तो पोरगा यात कुठेच नाही. सफाईनंतर अर्ध्या तासाने मॅनेजरच्या किंवा देखभालीच्या कार्डाने उघडलेलं दिसलं, तर तिसरं. ही नोंद बघितल्याशिवाय त्या मुलाचं नाव घेण्यात अर्थ नाही.

तो मुलगा बहुधा कंत्राटावरचा असेल, बाहेरच्या राज्यातला, कुठेतरी सातआठ जणांच्या खोलीत राहणारा. आळ घ्यायला सगळ्यात सोपा माणूस. आणि मॅनेजर इतक्या चटकन त्याला काढायला तयार झाला याने मला तरी बरं वाटत नाही. त्याला काढलं की तुमचा राग थंडावतो, हॉटेलची चौकशी थांबते, आणि तुमचा एक साक्षीदार गाव सोडून जातो. खोलीत शिरला तेव्हा मागचं दार उघडं होतं का, आणखी कोण आत आलं होतं, बॅगा कुठे होत्या, हे त्यालाच माहीत आहे. म्हणून मॅनेजरला लेखी कळवा की कुणालाही काढण्याची आमची मागणी नाही, चौकशी पोलिसांना करू द्या. तो चोर निघाला तर पोलीस बघतील. नाही निघाला तर तुमच्या एका होकाराने त्याचा रोजगार जाऊ नये.

मिस्टरांचा गुगलचा बेत मात्र आवरा. फोटो तर अजिबात नाही. ज्याच्यावर गुन्हा सिद्ध सोडाच, नोंदलाही गेलेला नाही, त्याला चोर म्हणून जगाला दाखवलंत तर अब्रुनुकसानीची तक्रार तुमच्यावरच येईल. लिहायचंच असेल तर घडलं तेवढंच लिहा: लॉकर नादुरुस्त होता, कळवलं, दुरुस्त केला नाही, खोलीतून वस्तू गेल्या, तक्रार दिली आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला याहून जास्त कळायची गरज नाही.

पोलिसांकडे वळू. तुमच्याकडून जो घेतला तो 'गहाळ' अर्ज. गहाळ म्हणजे तुमच्या हातून पडलं, विसरलं, हरवलं. त्याची नोंद होते, शिक्का मिळतो, आणि तिथेच विषय संपतो, कारण तपास करायला गुन्हाच दाखल नसतो. पर्यटक दोन दिवसांत जाणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि चोरीचा गुन्हा म्हटला की पंचनामा, जबाब, तपास अधिकारी असं सगळं मागे लागतं. त्यामुळे असे अर्ज सगळीकडेच घेतले जातात, गोव्यात आणि आपल्याकडेही. मोबाईल बसमध्ये पडला तर गहाळ ठीक आहे. कुलूपबंद खोलीतल्या बॅगेतल्या डब्यातून पाटल्या गहाळ होत नाहीत.

तुम्हाला हवा आहे एफआयआर, चोरीचा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३०५ मध्ये राहण्यासाठी किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा दखलपात्र गुन्हा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलेलं आहे. आणि यासाठी पुन्हा गोव्याला जायची गरज नाही. पोलीस तपासाचा नवा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. सांगलीत तुमच्या भागातल्या ठाण्यात जा. ते शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून गोव्याला वर्ग करतील. 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर आता चालत नाही, तरी कुणी दिलंच तर कलमाचं नाव घ्या, आवाज न चढवता. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

नोंदवून घेतलंच नाही, तर तीच फिर्याद लेखी करून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची. घटना उत्तर गोव्यातली, म्हणून उत्तर गोवा पोलीस अधीक्षक, पर्वरी. सोबत शिक्का मारलेल्या त्या गहाळ अर्जाची प्रत जोडा. तो कागद कमी कामाचा असला तरी एक गोष्ट सिद्ध करतो: तुम्ही त्याच वेळी पोलिसांत गेला होता, घरी येऊन गोष्ट रचलेली नाही. अधीक्षकांकडूनही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण तेव्हा वकील घ्या. फिर्याद मराठीत लिहायला संकोच करू नका. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापरालाही जागा आहे. इंग्रजीत लिहायच्या नादात लोक स्वतःचीच हकिगत पातळ करून टाकतात.

फिर्यादी कोण असावं? माझ्या मते सासूबाई. पाटल्या त्यांच्या, डबा त्यांनी भरला, बॅग त्यांनी बंद केली, रिकामा डबाही त्यांनीच बघितला. तुम्ही किंवा मिस्टरांनी फिर्याद दिली तर प्रत्येक वाक्यात 'आईंनी सांगितलं' येणार. त्यांना पोलीस ठाण्याची भीती वाटत असेल तर तुम्ही शेजारी बसा. आणि एक आधार सांगते, पुढे तपासात जबाबासाठी बाईमाणसाला तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनीच यायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७९ मध्ये आहे. म्हणजे जबाबासाठी त्यांना गोव्याला फेऱ्या नाहीत. आरोपी सापडून खटला उभा राहिला तर न्यायालयात साक्ष द्यावी लागेल, ते वेगळं.

फिर्यादीत पाटल्यांचं वर्णन करताना 'सोन्याचे दागिने' एवढ्यावर भागवू नका. नग दोन, वजन अंदाजे इतकं, जुनी घडण, कडा गोल की चौकोनी, नक्षी कुठली, आतल्या बाजूला सोनाराची मोहोर आहे का. आईच्या पाटल्या म्हणजे एवढी वर्षं वापरलेल्या. कुठेतरी पोचा असणार, एखादी आखडती करून घेतलेली असणार, डाग दिलेला असणार. तो पोचा कुठल्या पाटलीला, बाहेरून की आतून, हे सासूबाई डोळे मिटून सांगतील. मुद्देमाल ओळखायची वेळ आलीच तर त्याच एका पोच्यावर काम होतं. नव्या दागिन्यांवर सहा अंकी-अक्षरी हॉलमार्क क्रमांक असतो, तुमच्या जुन्या पाटल्यांवर तो नसणार, म्हणून हे वर्णन हवं. पावती नसली तरी घाबरू नका. लग्नाच्या, मुंजीच्या, डोहाळजेवणाच्या फोटोंत हात दिसतात. ते फोटो काढा. ज्या सराफाकडे कधी उजाळा द्यायला किंवा दुरुस्तीला दिल्या असतील त्याच्या वहीतही वजन सापडतं. जुने सराफ वह्या टाकत नाहीत.

किंमतही लिहा, आजच्या भावाने, आणि रोख रकमेच्या नोटा साधारण कशा होत्या तेही. किमतीचा रकाना मोकळा सोडायचा नाही. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतल्या, पहिल्याच वेळच्या चोरीला माल परत केल्यावर समाजसेवेसारखी सौम्य शिक्षा ठेवली आहे. तुमचं प्रकरण त्यात ढकललं जायला निमित्त कशाला द्यायचं? फुगवूनही लिहू नका. अठरा हजारांचे पंचवीस केले आणि एटीएमची स्लिप निघाली की बाकीच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

गुन्हा नोंदल्यावर नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं. विचारत राहा. चोर नाहीच सापडला तर पोलीस न्यायालयात 'अ' समरीचा अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा, पण उलगडा झाला नाही. अनेकांना तो शब्द ऐकून वाटतं की आपल्याला खोटं ठरवलं. उलट आहे. विमा कंपनी, ग्राहक आयोग, सगळे तोच कागद मागतात. घराच्या विम्यात दागिन्यांना घराबाहेरचंही संरक्षण घेतलेलं असेल तर बघा. प्रवास विम्यात दागिने आणि रोख रक्कम बहुधा वगळलेली असते.

आता हॉटेल आणि ती पाटी. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलचा खटला तुम्हाला उपयोगी पडेल. १९९८ मध्ये एका पाहुण्याने मारुती झेनची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली, रात्री परत आला तर गाडी चोरीला गेलेली. हॉटेलने टोकनवर छापलेली 'मालकाच्या जोखमीवर' ही ओळ पुढे केली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा ओळीमागे लपून झटकता येत नाही, आणि आपण निष्काळजी नव्हतो हे हॉटेलने दाखवावं. मात्र तिथे गाडी हॉटेलच्या ताब्यात दिलेली होती. तुमच्या पाटल्या तुम्ही काउंटरवर जमा केल्या नव्हत्या, त्या तुमच्याच बॅगेत होत्या. हॉटेलचा वकील नेमका यावरच बोट ठेवेल. म्हणून तुमची बाजू 'खोलीतून गेलं, भरून द्या' अशी मांडली तर लंगडी पडते. 'वस्तू सुरक्षित ठेवायला तुम्ही जी सोय देऊ केली ती बंद होती, आम्ही कळवलं, तुम्ही काही केलं नाही' अशी मांडली तर ती सेवेतली त्रुटी होते, आणि सेवेतली त्रुटी हा ग्राहक आयोगाचा विषय आहे. बुकिंगच्या पानावर 'खोलीत लॉकर' असं लिहिलेलं असेल तर त्या पानाचाही फोटो आजच घ्या.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गोव्याचं हॉटेल सांगलीला येईल. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) भरपाईच्या आकड्यावर ठरत नाही, तुम्ही दिलेल्या पैशांवर ठरते. तुम्ही एकवीस हजार दिलेत, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कच नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधी कधी तिथल्या एका पत्रानेच हॉटेल बोलणीला येतं. मग हॉटेलला नोटीस, पंधरा दिवसांची. एक प्रत पणजीला पाटो इथल्या पर्यटन भवनात, पर्यटन संचालकांच्या नावे. गोव्यातल्या हॉटेलांना १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली तिथे नोंदणी करावी लागते, त्यामुळे त्या खात्याकडून विचारणा झालेली कुठल्याच मालकाला आवडत नाही.

पूर्ण रक्कम मिळेल असं मी म्हणणार नाही. आयोग कदाचित म्हणेल, इतकं सोनं बरोबर होतं तर काउंटरवर सांगून पावती का नाही घेतली? तेव्हा काही भाग कापला जाईल. निकालालाही कायद्यातल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागतो. तरी तुमच्याकडे लेखी मेसेज आहे म्हणून मी 'करा' म्हणते. तो नसता तर एफआयआर करून थांबा असं सांगितलं असतं.

मॅनेजरच्या कागदावर सही नको. त्यात 'यापुढे कोणतीही तक्रार नाही' अशा अर्थाची ओळ असणारच, नीट वाचा. सात हजारांत तीन तोळ्यांचा हक्क सोडताय तुम्ही. भाडं परत करायचंच असेल तर करू दे, पण तुमच्याकडून मेल जाईल: ही रक्कम बंद लॉकरच्या गैरसोयीपोटी स्वीकारली, चोरीच्या भरपाईचा हक्क कायम.

आणि सासूबाई. त्या तुमच्यावर रागावल्या आहेत हे खरं, पण 'लग्नाला पाटल्या घ्या' हे सून म्हणाली यात चूक काय आहे? लग्नाला पाटल्या घालतातच. तुम्ही रोज त्यांच्यासमोर अपराध्यासारख्या वावरत असाल तर त्यांनाही वाटणार की काहीतरी अपराध झालाच. माफी एकदा मागितली असेल तर पुरे, परत परत नको. त्यांच्या आईची वस्तू गेली आहे. त्याबद्दल घरात कुणी त्यांच्याशी बोललंय का? तुमच्या पत्रात पोलीस, मॅनेजर, मिस्टर, गुगल सगळे आहेत, आणि त्या बाईंच्या वाट्याला दोन ओळी. फिर्याद त्यांच्या तोंडून लिहून घ्यायला बसा. पाटल्या कुणी घडवल्या, आईने कधी दिल्या, पोचा कसा पडला. फिर्यादीला त्यातलं अर्धंच लागेल. बाकीचं तुम्ही ऐका. 'नव्या करून देऊ' असं आत्ताच म्हणू नका, मिस्टरांनाही सांगा.

एक अवघड गोष्ट राहिली. फिर्याद द्यायच्या आधी घरातल्या सगळ्या बॅगा, पिशव्या, उशीचे अभ्रे, मुलांच्या दप्तरांसकट उलट्या करा. सावंतवाडीच्या लग्नात नेलेल्या साड्यांच्या घड्या उलगडा. वयस्कर बायका घाईत डबा मोकळा करून दागिना रुमालात गुंडाळतात आणि पोलक्याच्या घडीत ठेवतात, मग ती जागा साफ विसरतात. शोधताना 'आईंनी कुठे ठेवलं असेल' असं कुणी म्हणायचं नाही, म्हणायचं 'आपण एकदा सगळं बघून घेऊ'. सापडल्या नाहीत तर 'घर व सामान पूर्ण शोधले, मिळाले नाही' हे वाक्यही फिर्यादीत जाऊ द्या.

रविवारपर्यंत शोध आटपा आणि सोमवारी सकाळी सासूबाईंना घेऊन ठाण्यात जा. जुने फोटो, शिक्क्याचा अर्ज, हॉटेलचं बिल, सगळ्यांचे आधार कार्ड आणि मिस्टरांचा तो मोबाईल बरोबर ठेवा. नोटिशीचा मसुदा जमला नाही तर मला पाठवा, बघून देईन.